होजिअरी म्हणजे मोजे की बनियन?

महाद्वारकर (प्रश्न):
नमस्कार. कोल्हापुरात महाद्वार रोडला आमचे कपड्यांचे छोटे दुकान आहे आणि पाटीवर वडिलांच्या काळापासून ‘होजिअरी’ असे लिहिलेले आहे. आमच्या लेखी त्यात बनियन, अंडरवेअर, टी-शर्ट, लेगिंग्ज आणि सर्वांत शेवटी, काउंटरखालच्या खोक्यातले मोजे येतात. इचलकरंजीला वस्त्रोद्योगाचे शिक्षण घेणारा माझा भाचा मात्र म्हणतो की या शब्दाचा मूळ अर्थ केवळ पायांत घालायच्या वस्तू असा आहे. तसे असेल तर बनियन त्यात आले कसे? आणि शेजारी इचलकरंजीत एवढे माग असताना हा माल आम्हाला तिरुपूर, लुधियाना किंवा कोलकात्याहून का मागवावा लागतो?

जुना मागवाला:
आपल्या भाच्याचे म्हणणे बरोबर आहे आणि आपल्या पाटीचेही. ‘होजिअरी’ हा शब्द ज्यावरून आला ते ‘होज’ मध्ययुगीन युरोपात प्रामुख्याने पुरुषांचे पायवस्त्र होते. दोन पायांचे दोन स्वतंत्र भाग असत आणि ते वरच्या अंगरख्याला नाड्यांनी बांधले जात. हे भाग मागावरच्या कापडातून तिरके, म्हणजे आपले शिंपी चुडीदार जसा उरेब कापतात तसे कापत, कारण ताण्याबाण्याच्या, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांच्या, कापडाला थोडीफार लवचीकता येते ती तिरक्या कापातूनच. सुयांवर विणलेल्या मोज्यांनी ही अडचण सोडवली, कारण त्यांत एकच धागा फाशात फासा अडकवत जातो आणि ओढल्यावर प्रत्येक फासा आपला आकार बदलतो.

खरी कलाटणी १५८९ मध्ये मिळाली. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन येथील विल्यम ली या पाद्र्याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. हातविणकरांची रोजी जाईल या कारणावरून राणी एलिझाबेथने त्याला एकाधिकारपत्र नाकारले, असे परंपरेने सांगितले जाते; पुढे तो फ्रान्सला गेला. यंत्र मोज्यांसाठी जन्मले, पण त्यावर जे काही विणले गेले ते सगळे मोजेवाल्यांच्याच धंद्यात मोडू लागले. वस्तू बदलत गेली आणि नाव यंत्रामागून चालत राहिले. तेव्हा भारतात होजिअरी म्हणजे फाशांनी विणलेले कापड, मग ते छातीवर असो वा पोटरीवर.

खात्री करायची असेल तर दुकानातले एखादे साधे बनियन उलटे करून पाहावे. बहुतेकांना बगलेखाली शिवण सापडणार नाही, कारण ते कापड गोल यंत्रावर नळीसारखे उतरते, अगदी मोज्याप्रमाणेच. भिंगातून पाहिल्यास सुलट बाजूला इंग्रजी ‘व्ही’सारख्या उभ्या रांगा आणि उलट बाजूला आडव्या कमानी दिसतील. इचलकरंजीचा यंत्रमाग हे करू शकत नाही. तिथे ताणा बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, चढतो आणि बाणा त्यातून आडवा जातो. तो धंदाच निराळा आहे, त्यात इचलकरंजीचा दोष नाही.

शाहूपुरीचा वाचक:
वरील उत्तराला एक जोड द्यावीशी वाटते. १८११ मध्ये नॉटिंगहॅमशायरच्या मोजे विणकरांनी यंत्रे फोडली, तेच ‘लडाइट’ आंदोलन. आज यंत्रांना आंधळा विरोध करणाऱ्याला ते नाव देतात, आणि मला तो त्या कामगारांवर अन्याय वाटतो. ते स्वतः सव्वादोनशे वर्षे जुन्या यंत्रावरच काम करत होते. त्यांचा राग कमी मजुरीवर आणि रुंद यंत्रांवर होता, कारण त्यांवर विणलेल्या सपाट कापडातून मोजे कापून शिवले जात; असा स्वस्त मोजा शिवणीशी उसवे आणि बदनामी साऱ्या धंद्याची होई. १८१२ मध्ये संसदेने यंत्र फोडण्यासाठी फाशीची शिक्षा ठेवली. कवी बायरनने त्या विधेयकाविरुद्ध उमराव सभेत भाषण केले होते.

महाद्वारकर:
आभारी आहे. बनियन पाहिले, शिवण खरोखरच नाही. आता नायलॉनच्या स्टॉकिंग्जविषयीही कोणी सांगावे. पाकिटावरच्या ‘१५ डेनियर’ आणि ‘४० डेनियर’ या आकड्यांबद्दल गिऱ्हाईक विचारते.

जुना मागवाला:
९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. त्यामुळे १५ चा मोजा पारदर्शक आणि ४० चा जाड. सुती धाग्याच्या काउंटचे, म्हणजे सुताच्या बारीकपणाच्या आकड्याचे, याच्या नेमके उलट असते. तिथे आकडा वाढला की सूत बारीक होते, म्हणून आपल्या भागातल्या लोकांचा यात हमखास गोंधळ उडतो. नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि १५ मे १९४० रोजी त्याचे स्टॉकिंग्ज अमेरिकाभर विक्रीस आले. युद्धात ते नायलॉन पॅराशूटकडे वळवले गेले, तेव्हा काही स्त्रिया उघड्या पायांवर मागच्या बाजूस पेन्सिलीने रेघ ओढून शिवणीचा भास निर्माण करत. कमरेपर्यंतचे पँटीहोज १९५९ चे.

आपल्या गावाशी जुळणारी एक गोष्टही सांगतो. इजिप्तमध्ये सापडलेले चौथ्या-पाचव्या शतकातले लोकरी मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत आणि त्यांचा अंगठा वेगळा आहे, कारण ते चपलेत घालायचे होते. पापाची तिकटीवरून कोल्हापुरी घेणाऱ्या स्कूटरवाल्या मुली असेच अंगठ्याचे मोजे आपल्याकडे मागत असतील.

हिशेबनीस:
पाटी तशीच राहू द्यावी. जीएसटीच्या वर्गीकरणात फाशांचे कपडे ६१ व्या प्रकरणात आणि मागावरच्या कापडाचे ६२ व्या प्रकरणात येतात. मात्र ६१ मध्येही ‘होजिअरी’ हा शब्द ६११५ या शीर्षात मोजे आणि स्टॉकिंग्ज यांच्याबरोबर येतो; बनियन आणि टी-शर्ट ६१०९ मध्ये जातात. त्यामुळे बिलावर कोड लिहिताना सगळा माल ६११५ खाली टाकू नये.