एफ-१५० ला कुठला ट्रॅव्हल ट्रेलर झेपेल? सहा माणसं, टेक्सास ते कोलोरॅडो

ऑस्टिनचा_वाटसरू
नमस्कार मंडळी, आम्ही ऑस्टिनजवळ राहतो, ट्रक फोर्ड एफ-१५०, क्रू कॅब, साडेपाच फुटी बेड, ३.५ इकोबूस्ट, पुढे बेंच सीट आहे म्हणून सहा जण बसतात. मी, बायको, दोन मुलं, आणि उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतायत. हॉटेलं आणि बाहेरचं खाणं बाबांना झेपत नाही, त्यामुळे ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन आधी बिग बेंड नॅशनल पार्क आणि मग कोलोरॅडो दाखवावं असं फार मनात आहे. डीलरकडे २८ फुटी बंकहाउस बघितला, पुढे क्वीन बेड, मागे एकावर एक बंक बेड, जेवणाच्या टेबलाचा (डायनेट) पण बेड होतो. ड्राय वेट म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन ६,२०० पाउंड, जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे सामान भरून चालणारं जास्तीत जास्त वजन ७,६००. डीलर म्हणतो तुमचा ट्रक ११ हजार ओढतो, डोळे झाकून घ्या. पण गाडीत सगळं घरदार बसणार, त्यामुळे मला नीट समजून घ्यायचंय की नक्की कुठला आकडा धरायचा? आणि आपला स्वयंपाक करणाऱ्यांनी आत काय काय बघून घेतलं तेही सांगा प्लीज.

घाटवाट_डेन्व्हर
आधी ड्रायव्हरचं दार उघडा आणि खांबावरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांपेक्षा जास्त नको असं त्यावर लिहिलेलं असतं, तो तुमच्याच ट्रकचा पेलोड. ११ हजारवाला आकडा मोजताना ट्रकमध्ये फक्त ड्रायव्हर आणि एक पॅसेंजर, दोघंही १५० पाउंडांचे, असं धरलेलं असतं, तुम्ही तर सहा जण जाणार. एफ-१५० सारख्या हाफ-टन ट्रकचा इंजिनाच्या ताकदीआधी पेलोड संपतो हे पक्कं लक्षात ठेवा.

ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन हिचवर, म्हणजे ट्रकमागच्या जोडणीवर येतं, त्याला टंग वेट म्हणतात आणि ते पूर्ण पेलोडमधून जातं. १० टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर मागे डुलायला लागतो, म्हणून सामान मागे सरकवून टंग वेट कमी करायचा उद्योग कुणी सुचवला तरी अजिबात करू नका. मी हिशेबाला १३ टक्के धरतो, आणि ड्राय वेटवर नाही, जीव्हीडब्ल्यूआरवर. ड्राय वेटमध्ये पाणी नाही, भांडीकुंडी नाहीत, गाद्या-खुर्च्या नाहीत. ४० गॅलन पाणी भरलं की तिथेच ३३० पाउंड वाढतात.

तुमचा ट्रेलर: ७,६०० चे १३ टक्के म्हणजे ९८८. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (वजन वाटून देणारी जोडणी) स्वतः ८० च्या आसपास. बेडमध्ये कूलर, हत्यारं वगैरे १००. सहा माणसं मुलं धरून साधारण ७२०. बेरीज १,८८८. आता स्टिकरवर किती आहे ते इथे लिहा. आणि हो, ट्रकला हिच ज्यात बसते त्या रिसीव्हरवर पण एक वेगळा स्टिकर असतो, त्यावर वेट डिस्ट्रिब्युशन असताना आणि नसताना किती टंग वेट चालतं ते दोन्ही आकडे असतात, तोही बघा.

वाळवंटी_वारा
वरचं सगळं बरोबर, पण मी म्हणेन ट्रकच बदला, एफ-२५० किंवा रॅम २५०० असा वरच्या वर्गातला ट्रक घ्या. बिग बेंडला जाताना पश्चिम टेक्सासचा वारा लागतो ना, आय-१० वर आडवा वारा आणि शेजारून अठरा चाकी गेला की २८ फुटी ट्रेलर ट्रकला ओढत नेतो, तिथे ट्रकचं स्वतःचं वजन आणि लांबी कामाला येते. एकच सांगतो, डिझेल घेणार असाल तर तिथेही स्टिकर वाचा, डिझेल इंजिन जड असतं आणि सगळे ऑप्शन्सवाल्या एफ-२५० चा पेलोड कधी कधी दोन हजारांच्या आत येतो, लोकांना खरं वाटत नाही.

आणि बिग बेंडमधल्या चिसोस बेसिनचा रस्ता वळणावळणांचा आणि चढाचा आहे, तिथे २० फुटांपेक्षा मोठा ट्रेलर नेऊ नका असं पार्कच सांगतं. ट्रेलर खाली रिओ ग्रांदे व्हिलेजच्या कॅम्पग्राउंडला लावा, वर नुसता ट्रक घेऊन जा.

फोडणीवाली_ह्यूस्टन
स्वयंपाकाचं मी सांगते. आत फोडणी दिली की स्मोक अलार्म हमखास वाजतो, आणि मिरचीचा ठसका इतक्याशा जागेत तासभर जात नाही. म्हणून बाहेरचं किचन असलेला मॉडेल बघा, नसेल तर फोल्डिंग टेबल आणि दोन बर्नरची गॅस शेगडी बाहेर ठेवा, पोहे, भाजी, पिठलं सगळं छान होतं. इंडक्शनच्या भरवशावर राहू नका, कारण ३० अँपचा ट्रेलर म्हणजे एकूण ३,६०० वॅट, एसी आणि इंडक्शन एकत्र चालू असताना वॉटर हीटर विजेवर लावला की ब्रेकर पडलाच. टेक्सासच्या जुलैत एसी बंद ठेवणं शक्य नाही, सासूबाई-सासरे असताना तर नाहीच. भांडी घासायचं पाणी ग्रे टँकमध्ये जातं आणि आपल्या तेलकट कढया-पातेल्यांनी तो दोन दिवसांत भरतो, तेव्हा टँक किती गॅलनचा आहे ते नक्की विचारा, डीलर आपणहून सांगत नाहीत.

आई-बाबांसाठी म्हणाल तर क्वीन बेडला दोन्ही बाजूंनी उतरता येतं का ते आधी बघा. काही लहान ट्रेलरमध्ये आतला माणूस बाहेरच्याला ओलांडून उतरतो, रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाचे त्यात फार हाल होतात. पायऱ्या जमिनीवर टेकणाऱ्या हव्यात, लटकत्या हलतात आणि गुडघेदुखीवाल्यांना भीती वाटते.

ऑस्टिनचा_वाटसरू
सगळ्यांचे मनापासून आभार. स्टिकर बघितला, १,५४०. म्हणजे डीलर जो डोळे झाकून घ्या म्हणत होता तो ट्रेलर साडेतीनशे पाउंड जास्त! ट्रक बदलायचं बजेट सध्या नाही, लोन अजून चालू आहे. वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावली की पेलोड वाढतो असं डीलरचा माणूस म्हणाला, ते खरं का?

घाटवाट_डेन्व्हर
नाही. ती हिच थोडं वजन पुढच्या चाकांवर आणि थोडं ट्रेलरच्या ॲक्सलवर परत टाकते, त्याने ट्रक सरळ राहतो आणि स्टिअरिंग हलकं पडत नाही, म्हणून ती हवीच. पण स्टिकरवरचा आकडा तोच राहतो.

ट्रक बदलायचा नसेल तर असं करा. आई-बाबा आणि एक मोठा माणूस दुसऱ्या गाडीतून, ट्रकमध्ये बाकीचे. चालत्या ट्रेलरमध्ये मात्र कुणालाही बसवू नका. ट्रकमध्ये चौघं जरी धरली तरी ४५० पाउंड, वर हिच आणि सामानाचे १८०, उरले ९१०. म्हणजे भरलेला ट्रेलर ७,००० ला अगदी काठावर. मी काठावर जात नाही, ६,००० च्या आसपास जीव्हीडब्ल्यूआर असलेला २२-२४ फुटी बघा, १३० पाउंड शिल्लक राहतात. सगळे एकाच ट्रकमधून जायचं ठरवलंत तर भरलेला ट्रेलर ४,९०० च्या आत हवा आणि त्यात सहा जणांची झोपायची सोय कठीण आहे.

कोलोरॅडोत तुमच्या इंजिनाला टर्बो असल्यामुळे विरळ हवेत फारसा त्रास नाही, पण खरी परीक्षा उतरताना. आय-७० वर आयझेनहॉवर टनेल ११ हजार फुटांवर आहे, तिथून सिल्व्हरथॉर्नकडे सलग उतार लागतो, ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रॅम्प केलेत यावरूनच ओळखा. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) लावून कमी गिअरमध्ये सावकाश उतरा, ब्रेक सतत दाबून धरू नका, आणि ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ट्रेलर ब्रेक कंट्रोलर ट्रकमध्ये आहे की नाही ते आत्ताच तपासा.

वाळवंटी_वारा
दोन गाड्यांचा उपाय आवडला, मग ट्रक राहू दे. सेकंडहँड घेणार असाल तर छताच्या कडांचं सीलंट आणि आतले कोपरे दाबून बघा, मऊ लागले तर पाणी मुरलंय, किती का स्वस्त असेना सोडून द्या. टायर नवे दिसले तरी टायरवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष असतं, पाच-सहा वर्षांचे असतील तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. आणि पैसे देण्याआधी एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) नियमावली वाचा, ड्राइव्हवेत ट्रेलर ठेवू देत नसतील तर दर महिन्याचं स्टोरेज भाडं आलं.

घेतलात की सगळं सामान आणि माणसं भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल वजनकाट्यावर न्या, एकदा ट्रेलरसकट आणि एकदा नुसता ट्रक. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर असं वेगवेगळं वजन छापून मिळतं. आकडे इथे टाका, आपण मिळून बघू.