मदत हवी आहे: टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून घेतलेला ईसीजी) जमणार नाही, मग आईसाठी स्ट्रेस इको?

आई ५९ वर्षांची, साताऱ्यात. मधुमेह जुना, बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८. हल्ली जिना चढताना दम लागतो, जबडा आणि पाठीचा वरचा भाग भरून येतो. पायरीवर टेकली की थोड्या वेळात उतरतं. छातीत कळ नाही, म्हणून घरचे सगळे (तीसुद्धा) 'पित्त' म्हणून मोकळे! पित्ताच्या गोळ्यांनी काडीचा फरक नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड ठीक. ईसीजी, टूडी इको नॉर्मल, पण दोन्ही पडल्या पडल्या काढलेले. त्रास होतो तो चढताना, म्हणून हृदयाची शंका जात नाही.

टीएमटी सांगितली आहे, पण गुडघे पार गेलेत, ट्रेडमिलवर टिकणार नाही. सीटी अँजिओला (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) डाय लागतो, तो किडनीला जड जाऊ शकतो, आणि तिचं क्रिएटिनिन १.५, म्हणजे किडनी आधीच थोडी कमजोर. डोब्युटामिन स्ट्रेस इकोत (औषधाने ठोके वाढवून काढलेली इको) चालावं लागत नाही, म्हणून सोमवारी कार्डिओलॉजिस्टना तेच विचारणार आहे. बसल्या जागी दुखलं तर थेट इमर्जन्सीत न्यायचं हे ठरलेलं आहे, तेव्हा 'लगेच दाखवा' एवढंच कृपया नको.

कुणाच्या घरी ही तपासणी झाली असेल तर सांगा: साताऱ्यात होते की पुणे गाठावं लागतं? आणि मेटोप्रोलॉल (ती ठोके कमी ठेवते) आधी थांबवायला सांगितली होती का, किती दिवस? (स्वतःहून बंद करणार नाही.)