मदत हवी आहे: ‘सिंटिलेशन’ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी, शाळकरी मुलांसाठी अणूवर लेख लिहिते आहे आणि दोन दिवस या एका शब्दापाशी अडले आहे. मूळ लॅटिन ‘सिंटिला’, म्हणजे ठिणगी. तोच फ्रेंचमधून फिरून इंग्रजीत ‘टिन्सेल’ झाला, आपली सजावटीची चमकी. ‘स्टेन्सिल’ही त्याच घरातला, हे कळल्यावर मी हरखूनच गेले!

ताऱ्यांचं सिंटिलेशन म्हणजे लुकलुक, तिथे प्रश्न नाही. पण १९०९ च्या सुमारास मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन हे अणूचा अभ्यास करणारे संशोधक काळोख्या खोलीत डोळे सरावेपर्यंत बसायचे आणि मग सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरचे उजेडाचे ठिपके मोजायचे. अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारा अतिसूक्ष्म कण) आदळला की एक इवलासा ठिपका, लगेच विझणारा. यालाही सिंटिलेशनच म्हणतात, पण याला लुकलुक कसं म्हणू? लुकलुकणारं पुन्हा दिसतं, हे नाही. ‘चमचम’ दागिन्यांची, ‘झगमग’ दिव्यांची. ‘स्फुल्लिंग’ मुळाला धरून आहे, पण सहावीतल्या मुलाला जड जाईल. ‘ठिणगी’ म्हटलं की चटकाच आठवतो.

तुमच्याकडच्या बोलीत काजव्याच्या एकाच चमकेला वेगळा शब्द आहे का? असेल तर गावाच्या नावासकट सांगा, प्लीज.