मदत हवी आहे : मुलांसाठी ईस्टर, पण ससा आणि अंड्यांच्या पलीकडचा

नमस्कार मंडळी,

घरात दोन मुलं आहेत. थोरली नऊ वर्षांची, धाकटा चार. नाताळची आम्हाला कधी पंचाईत पडत नाही, कारण गोठा मांडला आणि तारा लावला की मुलं आपोआप गोष्टीत शिरतात. ईस्टरला हाताशी तसं काहीच नसतं. मग उरतो चॉकलेटचा ससा. त्या सशाशी माझं वैर नाही, पण येशू मेलेल्यांतून उठला त्या पुनरुत्थानाच्या सणात त्याचंच नाव कुठे येत नसेल तर काय उपयोग?

अडचणी दोन. धाकट्याला गुड फ्रायडे झेपत नाही. क्रूसाचं चित्र दिसलं की म्हणतो, "खिळे काढा ना त्याचे!" आणि झोपताना पुन्हा तेच. थोरलीचा प्रश्न वेगळाच. "रविवारी तो उठणार हे आपल्याला माहितीये, मग शुक्रवारी उगीच दुःखी कशाला व्हायचं?" यावर मला पटेल असं उत्तर सुचलेलं नाही.

आम्ही दोघंही नोकरी करतो, त्यामुळे आठवडाभराचे मोठे उपक्रम जमणार नाहीत. दरवर्षी पुन्हा करता येईल असं, पंधरा-वीस मिनिटांत होणारं काही सुचवा. रंगवायचे कागद नकोत, ते संडे स्कूलमधून ढिगाने येतात.

प्रतिसाद १

ताई, गोठ्याला जोड हवी असेल तर बाग करा. पसरट ताटलीत माती, कडेला आडवी ठेवलेली छोटी कुंडी म्हणजे कबर, तिच्या तोंडाशी एक गोल दगड, मागे उंचवट्यावर काड्यांचे तीन क्रूस. मातीत लवकर उगवणारं बी पेरायचं. शुक्रवारी संध्याकाळी मुलांनी पांढऱ्या कापडाची घडी कुंडीत ठेवायची आणि दगड स्वतःच्या हाताने लावायचा. शनिवारी त्याला कुणी हात लावायचा नाही. मुलं झोपली की तुम्ही दगड बाजूला सारा आणि कापडातली एक पट्टी वेगळी गुंडाळून ठेवा. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात डोक्याचा रुमाल तसाच निराळा गुंडाळलेला सापडतो. सकाळी थोरलीला फक्त विचारा, "आत काय काय दिसतंय?" बाकीचं ती स्वतः शोधेल.

धाकट्याला शुक्रवार टाळू नका, पण आटोपशीर सांगा. येशू मेला, त्याच्या मित्रांनी त्याला प्रेमाने कबरेत ठेवलं, आई आणि मैत्रिणी रडल्या, गोष्ट अजून संपलेली नाही. एवढं पुरे. खिळे, काटे, भाला यांचं वर्णन चार वर्षांच्या पोराला हवंय कशाला? आणि "खिळे काढा" म्हणतो तेव्हा त्याला सांगा की ते खरंच काढले. येशूचा एक शिष्य, अरिमथाईचा योसेफ, याने शरीर खाली उतरवून घेतलं. पुष्कळ मुलांना तेवढंच ऐकायचं असतं.

थोरलीला येशूचा मित्र लाजर मेला त्याची गोष्ट वाचून दाखवा, योहान ११. आपण त्याला उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी कबरेपाशी तो रडला. शेवट माहीत असला म्हणून आत्ताचं दुःख खोटं ठरत नाही. मोठ्यांनाही हे उत्तर पुरतं, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद २

अंड्यांना एवढं हाकलू नका हो! प्लास्टिकची उघडणारी बारा अंडी घ्या आणि प्रत्येकात एक वस्तू ठेवा. गाढव, नाणी (येशूला पकडून देण्यासाठी यहूदाला मिळालेल्या चांदीच्या ३० नाण्यांसाठी), छोटा पेला, दोरी, काटा, क्रूस, फासा, कापडाचा तुकडा, खडा... जे घरात सापडेल ते. बारावं मात्र रिकामं. रोज एक उघडायचं आणि त्या वस्तूची गोष्ट सांगायची. पहिल्या वर्षी रिकामं अंडं पाहून धाकटे रुसतात, दुसऱ्या वर्षापासून त्याच्यासाठीच भांडतात. धाकटा वस्तू तोंडात घालत असेल तर बारीकसारीक काही ठेवू नका.

प्रतिसाद ३

सगळं पवित्र आठवड्यातच (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) कोंबताय, म्हणून दमछाक होते. ईस्टर एका दिवसाचा नाहीच. पुनरुत्थानापासून पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण, तोवर हा काळ चालतो, आणि उठलेल्या प्रभूच्या गोष्टी मुलांना सर्वांत जास्त आवडतात. त्यांच्याकडेच आपण दुर्लक्ष करतो.

ईस्टरच्या संध्याकाळी मुलांना घेऊन पायी फिरायला जा. जाताना लूक २४ मधली अम्माऊसच्या वाटेची अर्धी गोष्ट सांगा. दोन शिष्य तोंडं पाडून चाललेत, तिसरा सोबतीला येतो, त्यांना तो ओळखूच येत नाही. घरी परतताना उरलेली सांगा, कारण तेही त्याच रात्री उठून यरुशलेमला परतले. पुढच्या रविवारी थोमाची गोष्ट, म्हणजे येशू उठला यावर आधी विश्वास न ठेवणाऱ्या शिष्याची. त्यानंतर कधीतरी योहान २१, किनाऱ्यावरचा विस्तव आणि जाळ्यातले १५३ मासे. थोरली कागदाचे मासे कापत बसेल, १५३ नाही झाले तरी चालतील. चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण.

आणि एक फुकटची गोष्ट. रविवारी उठल्या उठल्या घरात जो पहिला दिसेल त्याला म्हणायचं, "ख्रिस्त उठला आहे!" त्याने उत्तर द्यायचं, "खरोखर उठला आहे!" चार वर्षांचा पोरगा हे दिवसभर ओरडत फिरतो. कंटाळा आपल्याला येतो, त्याला नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. लाजराची गोष्ट आजच वाचते. अंडी यंदा राहू देते, बाग आणि फिरणं नक्की. बागेत बी कोणतं आणि कधी पेरायचं? ईस्टरला अजून तीन आठवडे आहेत.

प्रतिसाद १

मोहरी पेरत असाल तर झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) पेरा, ईस्टरपर्यंत हिरवं दिसू लागेल. गवताचं बी सावकाश येतं, ते त्याच्याही आठवडाभर आधी टाका. आणि पाणी धाकट्याला ओतू देऊ नका, हातांनी शिंपडायला सांगा. ओतलं की सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं.