मदत हवी आहे: अलास्का क्रूझवर स्कॅग्वेला उतरून खासगी गाडीने एमराल्ड लेकपर्यंत जाऊन यायचंय, जमेल का?

तापीकाठ:

राम राम मंडळी.

ताई व्हँकुव्हरला असते. येत्या ऑगस्टमध्ये तिने आई-पप्पांसाठी अलास्काची क्रूझ बुक केलीय, व्हँकुव्हरहून निघून व्हँकुव्हरलाच परत. आई, पप्पा, ताई, भाऊजी, मी आणि माझी मुलगी (वय 9) असे सहा जण. बायकोची शाळा असल्यामुळे ती येत नाहीये.

जहाज स्कॅग्वेला सकाळी 7 ला लागतं आणि संध्याकाळी 6 ला सुटतं. तिथे काय करायचं यावरून घरात रोज व्हिडिओ कॉलवर पंचायत भरतेय. जहाजाच्या टूर आहेत, पण सगळ्या मोठ्या बसच्या. पन्नास जणांच्या मागे आईने चालायचं, ती फोटोला उभी राहीपर्यंत गाइड शिट्टी मारणार. म्हणून ताई म्हणते, आपली आपण एक व्हॅन करू, ड्रायव्हरसकट. क्लोंडाइक हायवेने वर चढायचं, व्हाइट पास ही खिंड ओलांडून कॅनडात शिरायचं, कारक्रॉस गाव बघायचं आणि पुढे एमराल्ड लेकला हात लावून परत. एका बाजूने साधारण 120 किलोमीटर होतात असं नकाशात दिसतंय. म्हणजे जळगावहून धुळ्याला जाऊन थोडं पुढे. आपल्या हायवेचं काम चालू असतानाच्या हिशेबाने दिवस जाईल, तिकडच्या हिशेबाने काय, ते कळत नाही.

भाऊजींचं म्हणणं, खासगी गाडी बिघडली तर जहाज थांबत नाही, उगाच विषाची परीक्षा नको.

पप्पांचं तिसरंच. ते भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झालेत. स्कॅग्वेहून नॅरोगेज निघते हे कळल्यापासून त्यांना तळ्या-बिळ्यांत काही रस उरलेला नाही. 'पी.जे. (आपली पाचोरा-जामनेर नॅरोगेज) बंद पडली, निदान ही तरी बघू द्या' हे दिवसातून एकदा ऐकायला मिळतं.

आणि आईला घाट लागतो. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना ती पहिल्या वळणापासून लिंबू हुंगत बसते आणि वर पोचेपर्यंत एक शब्द बोलत नाही.

तर कुणी हा रस्ता केला असेल तर सांगा: वेळ पुरतो का, भारतीय पासपोर्टवर मधली बॉर्डर कशी पार पडते, घाट कितपत वळणाचा आहे, आणि व्हॅन ठरवताना काय विचारून घ्यायचं? अमेरिकेचा 10 वर्षांचा व्हिसा सगळ्यांकडे आहे. कॅनडाचाही आहे, कारण व्हँकुव्हरला उतरायचंच आहे.

सहल_नको_सैल:

भाऊजींच्या बाजूने माझं एक मत. जहाजाची टूर उशिरा आली तर जहाज तिची वाट बघतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत नेण्याची सोय तेच करतात. तुमची व्हॅन उशिरा आली तर ते निघून जातात. सहा तिकिटं, म्हातारी माणसं, परका देश. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण झोप नीट लागते.

तापीकाठ:

मुद्दा कबूल. पण प्रश्न पैशांचा नाहीच. सहा जणांत व्हॅन आणि बस यांत फार फरक पडत नाहीये. आईला हवं तिथे थांबता आलं पाहिजे, एवढंच.

धुळेकर_उत्तरेत:

बरं शे ना भाऊ? व्हाइटहॉर्सला (कॅनडाच्या युकॉन भागात, कारक्रॉसच्या पुढे) नोकरीला आहे, तुम्ही म्हणताय तो रस्ता घराच्या अंगणातला म्हणा. सविस्तर लिहितो.

वेळ पुरतो. जाऊन-येऊन 240 किलोमीटर, रस्ता चांगला, दुपदरी, वाहतूक आपल्या मानाने काहीच नाही. थांबत थांबत गेलं तरी सहा तासांत आरामात होतं. सकाळी आठच्या आत निघा आणि अडीचपर्यंत गावात परत या. पाच वाजेपर्यंत ताणू नका. त्याचं कारण परतीचं अमेरिकन चेकपोस्ट. ते स्कॅग्वेच्या अलीकडे 11 किलोमीटरवर आहे, म्हणजे अगदी शेवटच्या टप्प्यात. दुपारी सगळ्या बसेस एकदमच परततात, आणि तिथे रांग लागली तर दुसरा रस्ताच नाही. स्कॅग्वेतून बाहेर पडणारा रस्ता हा एकच.

जहाज चुकलं तर काय, तेही ऐकून ठेवा, म्हणजे भाऊजींना उत्तर देता येईल. पुढचं बंदर जर जुनो असेल तर तिथे गाडीने जाताच येत नाही. जुनो अलास्काची राजधानी आहे, पण बाहेरून तिथे रस्ता जात नाही. फेरी बोट किंवा छोटं विमान. त्यामुळे भाऊजी घाबरतात ते चूक नाही, फक्त त्यावरचा उपाय बस नसून लवकर परतणं हा आहे.

आता घड्याळ. इथेच लोक गोंधळतात. युकॉनने 2020 पासून वर्षभर एकच वेळ ठेवलीय. उन्हाळ्यात ती अलास्काच्या एक तास पुढे असते. सीमा ओलांडली की फोन गुपचूप तासभर पुढे जातो आणि आईला वाटतं जहाज गेलं. ही नुसती घाबरगुंडी, त्यात नुकसान नाही. खरा धोका वेगळा आहे. काही वेळा जहाज स्वतःचं घड्याळ बंदराच्या घड्याळाप्रमाणे बदलत नाही. तुमचं जहाज व्हँकुव्हरच्या वेळेवरच राहिलं तर जहाजाचे साडेपाच म्हणजे स्कॅग्वे गावातले साडेचार. आदल्या रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं, त्यात 'सर्वांनी जहाजावर परतण्याची वेळ' बघा. ती सुटण्याच्या वेळेच्या निदान अर्धा तास आधीची असते. मग रिसेप्शनवर विचारा की ही वेळ गावाच्या घड्याळाची की जहाजाच्या. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि दिवसभर तेच बघा, फोन नाही. व्हॅनवाल्यालाही विचारा की तो 'आठ वाजता' म्हणतो ते कुठले आठ. व्हाइटहॉर्सकडचा असेल तर युकॉनचे आठ सांगून मोकळा होईल, तेव्हा स्कॅग्वेत सातच वाजलेले असतात आणि तुमचं जहाज तेव्हा कुठे धक्क्याला लागत असतं.

बॉर्डर: जाताना कॅनडाचं ठाणं फ्रेझरला, स्कॅग्वेपासून साधारण 36 किलोमीटर. भारतीय पासपोर्टला दोन्हीकडचा व्हिसा लागतो, तुमच्याकडे आहेच. दोन्ही 'मल्टिपल एंट्री' आहेत ना, एवढं उघडून बघा. पासपोर्ट मूळच हवेत, मोबाइलमधला फोटो चालत नाही. काही जहाजांवर पासपोर्ट ठेवून घेतात, तसं असेल तर आदल्या दिवशीच मागून घ्या, सकाळी तिथे गर्दी असते. आणि मुलीसाठी एक: आई सोबत नाही, तेव्हा वहिनींच्या सहीचं संमतीपत्र ठेवा. अधिकारी विचारेलच असं नाही, पण विचारलं आणि नसलं तर सगळी व्हॅन बाजूला उभी.

घाटाचं: आपला कन्नड घाट किंवा तोरणमाळची सातपायरी डोळ्यांपुढून काढून टाका, तसली वळणं इथे नाहीत. चढ मात्र खडा आहे, 11 टक्क्यांपर्यंत. समुद्रसपाटीपासून निघून साधारण 23 किलोमीटरांत 3,292 फुटांवर पोचता. कान दडतात. त्यानंतर माथ्यावरचा सपाट खडकाळ मुलूख लागतो, खुरटी झाडं आणि मध्ये मध्ये पाण्याची डबकी. माथ्यावर धुकं असेल तर काही दिसत नाही, तेव्हा निराश होऊन गाडी वळवू नका. खिंडीपलीकडे हवा बऱ्याचदा मोकळी असते. टुटशी लेक, मग विंडी आर्मच्या कडेने रस्ता पाण्याला लागून जातो, तिथे बोव्ह आयलंडचा थांबा आहे. माझ्या मते सगळ्या रस्त्यात बघण्यासारखी जागा ती, एमराल्ड लेकपेक्षाही. पण फोटो एमराल्डचेच गाजतात.

एमराल्ड हिरवा का दिसतो ते मुलीला आधीच सांगून ठेवा, प्रश्न विचारणारच. तळाशी चुन्याचा पांढरा गाळ बसलाय. उथळ भागात ऊन त्या गाळावरून परत फिरतं, म्हणून काठाला पोपटी आणि मध्ये खोल पाण्याला गर्द निळा. ऊन नसेल तर रंग अर्धा. अलीकडे कारक्रॉसला वाळवंटही आहे, जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचं. जुन्या हिमतळ्याच्या तळाची वाळू ती. वाळू खरी आहे, पण ऊन आपल्याकडच्या मे महिन्याचं नाही, पोरांना स्वेटर घालून घसरगुंडी खेळता येते.

व्हॅनवाल्याला दोनच गोष्टी विचारा: प्रवासी घेऊन सीमा ओलांडायचा परवाना आणि विमा आहे का, आणि जहाज उशिरा लागलं किंवा लागलंच नाही तर पैसे परत मिळतात का. दुसरं महत्त्वाचं, कारण वाऱ्यामुळे बंदर रद्द होऊ शकतं. रस्त्यात बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, तेव्हा 'वाटेत फोन करू' यावर काही ठरवू नका.

नवापूरची_माहेरवाशीण:

काकूंसाठी लिहिते. लिंबू विसरा. ताजी फळं जहाजावरून खाली न्यायची बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि बॉर्डरवर पुन्हा विचारतात. सुंठीची गोळी, आवळासुपारी किंवा भाजलेला ओवा डबीत ठेवा, कुणी विचारलं तर खाण्याचं आहे म्हणून सांगायचं, लपवायचं नाही. समोरची सीट त्यांना द्या, मागे अजिबात बसवू नका. गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधी, वर चढल्यावर नाही. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी उत्तम, त्या कुणाच्या आड येत नाहीत. कारक्रॉसला खायला मिळतं, पण काकूंना रुचेल याची खात्री मी देणार नाही.

तापीकाठ:

फळं नाही म्हणजे केळीही नाही. पप्पांच्या मते केळी घेतल्याशिवाय निघणं हा प्रवासच नाही. रावेरचे आहेत ते.

पीजे_पॅसेंजर:

तुमच्या पप्पांच्या वतीने मी भांडतो. या धाग्यावर तळ्याला एवढा मजकूर आणि रेल्वेला एक ओळ, हे बरोबर नाही.

व्हाइट पास अँड युकॉन रूट ही लाइन 1898 ते 1900 मध्ये बांधली. क्लोंडाइकचं सोनं शोधायला निघालेली माणसं आधी हीच खिंड पायी चढत होती, घोडे इथे हजारोंनी मेले. 29 जुलै 1900 ला कारक्रॉसला शेवटचा खिळा ठोकला. गेज तीन फुटी. आपली पाचोरा-जामनेर अडीच फुटी, म्हणजे पप्पांना सांगा, तिच्यापेक्षा सहा इंच रुंद! पण चढ बघा: 20 मैलांत जवळजवळ 3,000 फूट, आणि उतार 3.9 टक्क्यांपर्यंत. लोको शेडमधल्या माणसाला यातला 3.9 हा आकडा नुसता सांगितला तरी तो खुर्चीत सरसावून बसेल. बहुतेक फेऱ्या डिझेलवरच असतात, वाफेच्या इंजिनाची आशा दाखवून नेऊ नका.

शिखरापर्यंत जाऊन परत येणारी फेरी अडीच ते तीन तासांची आहे आणि वर कुणाला उतरवत नाहीत. जाताना डाव्या बाजूला दरी दिसते, जागा तशी पकडा. परतताना बाकं उलटी फिरवायला सांगतात, सगळ्यांना दरी मिळावी म्हणून.

धुळेकर_उत्तरेत:

बरोबर बोलले. आणि रस्ता व रेल्वे एकाच दरीच्या दोन अंगांनी चढतात. व्हॅनमधून पलीकडच्या कड्यावर गाडी दिसते, चालतानाचा आवाजही येतो. पण दोन्ही गोष्टी एका दिवसात सगळ्यांनी करायच्या म्हणाल तर नका करू. सकाळची रेल्वे आणि दुपारी एमराल्ड असं बसवलं तर नेमकं परतीच्या रांगेत अडकाल. माणसं वाटून घ्या.

तापीकाठ:

काल रात्री हा अख्खा धागा पप्पांना वाचून दाखवला. 3.9 ला खरंच सरसावून बसले. मग म्हणाले, "तुम्ही जा हिरवं पाणी बघायला. मी आणि पावणे रेल्वेने." भाऊजींना हे एकदम पटलं, कारण रेल्वेची फेरी सोडली तर ते दिवसभर गावात, जहाजापासून हाकेच्या अंतरावर राहणार. म्हणजे व्हॅनमध्ये आई, ताई, मी आणि मुलगी. चौघांना छोटी गाडी चालेल असं ताई म्हणतेय.

मुलगी मात्र रडवेली झालीय, तिला आजोबांबरोबर गाडीत आणि आजीबरोबर वाळवंटात, दोन्हीकडे जायचंय. ते घरात मिटवू.

शेवटची शंका संमतीपत्राची. साध्या कागदावर चालेल की नोटरी करायची? आणि मराठीत केलं तर?

धुळेकर_उत्तरेत:

इंग्रजीत करा, जळगावला कोर्टाजवळ कुठल्याही नोटरीकडे होऊन जाईल. त्यात मुलीचा पासपोर्ट नंबर, तुमचा पासपोर्ट नंबर, प्रवासाच्या तारखा आणि वहिनींचा चालू फोन नंबर असू द्या. सोबत वहिनींच्या पासपोर्टची किंवा आधारची झेरॉक्स आणि मुलीचा जन्मदाखला जोडा. मूळ प्रत तुमच्या खिशात, बॅगेत नाही, कारण बॅग जहाजावर राहते. आणि ऑगस्टमध्ये इथे उजेड रात्री नऊपर्यंत असतो, तेव्हा दोन वाजता 'अजून केवढा दिवस पडलाय' असं वाटेल. त्यावर जाऊ नका, अडीचला गावात.