प्रतिसाद: न्यासाची ठेव सौहार्दमध्ये हलवावी का?

काका, तुमच्या देवस्थानाची बारा लाखांची ठेव दोन टक्के जादा व्याजासाठी बँकेतून काढून सौहार्द सोसायटीत (कर्नाटकातल्या सौहार्द कायद्याखाली नोंदलेल्या सहकारी संस्थेत) ठेवावी, असं वर प्रतिसाद देणाऱ्या दोघांनी सुचवलंय. मी नाही म्हणेन.

बेळगावात खडेबाजारापासून शहापूरपर्यंत पतसंस्थांच्या पाट्याच पाट्या. त्यातल्या कित्येक चांगल्या चालतात, ते मान्य. पण ५ लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकांना, सहकारी बँकांनाही, आहे. सौहार्द किंवा पतसंस्थेला नाही. आयकरात सूट घेत असाल तर न्यासाचे पैसे कुठे गुंतवलेले चालतात ते सीएला विचारा. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात, कलम ११(५) मध्ये, ते प्रकार मोजून दिले होते. त्यात बँकिंग व्यवसाय करणारी सहकारी संस्था होती, 'कुठलीही सोसायटी' नव्हती.

१८८२ चा न्यास कायदा खासगी न्यासांचा, पण त्याच्या कलम १५ ची कसोटी सगळ्यांनीच मनात ठेवावी: साधारण शहाणा माणूस स्वतःची मालमत्ता जपतो तशी जपा. मला ती अर्धीच वाटते, हो. स्वतःच्या पैशाचा जुगार आपण खेळतोच की!

खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाचे तीन लाख असेच अडकले. सोसायटीच्या शटरवर कन्नडमध्ये कागद चिकटवलेला, खाली मराठीत पेनाने 'सोमवारी या'. असे किती सोमवार गेले! नंतर सभेचं इतिवृत्त उघडलं तर ठेव तिथे ठेवण्याच्या ठरावावर पाच सह्या, त्यातली एक माझी. विरोध कुणाचाच नोंदलेला नव्हता.

तुमचा विरोध असेल तर तो इतिवृत्तात लिहून घ्या. चहा पिताना सांगितलेला धरत नाहीत.