प्रति: उभ्या स्प्रिंगचा दोलनकाल

'स्प्रिंग उभी टांगली की दोलनकालाच्या (एका पूर्ण वर-खाली हेलकाव्याला लागणाऱ्या वेळेच्या) सूत्रात g (गुरुत्वीय त्वरण) घ्यावाच लागतो' हे म्हणणं पटलं नाही. वजनामुळे समतोलाची जागा तेवढी खाली सरकते. दोलनं त्या नव्या जागेभोवती होतात आणि T = 2π√(m/k) जसंच्या तसं लागू पडतं (T दोलनकाल, m टांगलेलं वस्तुमान, k स्प्रिंगचा ताठरपणा सांगणारा स्थिरांक). २०० ग्रॅमला स्प्रिंग १० सेंमी ताणली गेली तर k = १९.६ न्यूटन/मीटर, T साधारण ०.६३ सेकंद. g इथे फक्त k काढायला वापरला.

आता प्रयोगात T थोडा जास्त का येतो, याबद्दल. स्टॉपवॉचला दोष देण्याआधी स्प्रिंगचंच वजन करा. तिचं वरचं टोक स्थिर, खालचं पूर्ण हलतं, म्हणून हिशेबात तिच्या वस्तुमानाचा सुमारे एक तृतीयांश भाग m मध्ये मिळवावा लागतो. स्प्रिंग ६० ग्रॅमची असेल तर m २२० ग्रॅम धरा, T ०.६७ होतो. वीस दोलनांना अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक! T² विरुद्ध m आलेख आरंभबिंदूतून जात नाही तो यामुळेच. प्रयोगाच्या जर्नलमध्ये रेषा ओढूनताणून शून्यातून नेणारे बरेच असतात. त्यापेक्षा ती मागे वाढवून m-अक्षाला कुठे छेदते ते बघा, तिथे (ऋण बाजूला) हा एक तृतीयांश थेट वाचता येतो.